वेबकॅम मॉडेलच्या कामाविषयी सर्वेक्षण: उपयोगी पडेल असं कसं आखायचं?

वेबकॅम मॉडेल म्हणजे कॅमेऱ्यासमोर थेट, बहुधा लैंगिक, शो करून ऑनलाइन प्रेक्षकांकडून पैसे मिळवणारी व्यक्ती. त्यांच्याविषयीच्या सर्वेक्षणांत दोन प्रश्न हमखास भेटतात. या क्षेत्रात कसे आलात? आणि घरच्यांना माहीत आहे का? उत्तरं मिळतात, टक्केवारी निघते, पण त्या टक्केवारीचं पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. गेल्या वेळी पैसे अडकले तेव्हा कुणाला लिहिलं, उत्तर किती दिवसांनी आलं, तोवर भाडं कशातून भरलं, असं विचारणारी प्रश्नावली मात्र क्वचितच सापडते. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या कामगारांना हे पहिल्या पानावर विचारलं असतं.

हा लेख विद्यार्थी, आरोग्यसेवा किंवा हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था, संघटना आणि स्वतःच्या बरोबरीच्यांची माहिती गोळा करू पाहणारे मॉडेल्स या सगळ्यांना धरून लिहिला आहे. माझं म्हणणं सरळ आहे: हे काम आहे असं धरून विचारा. तास किती, पैसे किती, हुकूम कुणाचा, धोका कुठून. कुतूहल घरी ठेवा.

आधी निर्णय, मग प्रश्न

प्रश्न लिहायला बसण्याआधी एका कागदावर लिहा: ही उत्तरं हातात आल्यावर कोण, काय, वेगळं करणार आहे? 'जाणीवजागृती होईल' हे उत्तर चालणार नाही. चालणारं उत्तर असं असतं: संघटनेला प्लॅटफॉर्मकडे जाऊन खाती बंद करण्याआधी नोटीस द्या अशी मागणी करायची आहे, आणि नोटीस न मिळता किती जणांची खाती बंद झाली याचा पुरावा हवा आहे. किंवा, एका दवाखान्याला रात्रीची वेळ ठेवायची की नाही हे ठरवायचं आहे.

मग अहवालातले तक्ते आधीच काढा, रिकामे. डावीकडे ओळी: घरून एकट्याने काम करणारे, स्टुडिओतून (खोली आणि कॅमेरा पुरवून कमाईत वाटा घेणाऱ्या मध्यस्थाकडून) करणारे, जोडीने करणारे. वर रकाने: पैशांतली कपात आधी सांगितली होती, नंतर कळली, अजूनही कळलेली नाही. आकडे नसलेला हा तक्ता तुम्ही ज्यांच्यासाठी सर्वेक्षण करताय त्यांना दाखवा आणि विचारा, हा भरला तर तुम्हाला उपयोग आहे का? ते खांदे उडवत असतील तर तो प्रश्न आजच काढून टाका. प्रश्नावली निम्म्याने कमी होते ती या एका कामाने. ज्या प्रश्नाला तक्त्यात जागा नाही, त्याला प्रश्नावलीतही नको.

धंदा कसा चालतो हे नीट समजून घ्या

बाहेरून आलेल्या माणसाचे प्रश्न फसतात ते बहुतेक इथे. कॅमेरा लावला, लोक आले, पैसे मिळाले, इतकं ते साधं नाही.

काही साइट्सवर प्रेक्षक टोकन (साइटची आभासी नाणी) विकत घेतात आणि खुल्या रूममध्ये टिप देतात. चॅटरबेट या अशाच एका साइटवर एका टोकनमागे मॉडेलला पाच अमेरिकन सेंट मिळतात. तेच टोकन घेताना प्रेक्षकाने त्याहून बरंच जास्त मोजलेलं असतं. दुसऱ्या साइट्सवर मिनिटाच्या दराने प्रायव्हेट शो (एकाच प्रेक्षकासाठीचा) हाच मुख्य धंदा. ओन्लीफॅन्ससारख्या वर्गणीच्या साइटवर कंपनी २० टक्के ठेवते, आणि पुष्कळ मॉडेल्स दोन्हीकडे असतात: थेट शोमधून ओळख, वर्गणीतून नियमित पैसे. मध्ये स्टुडिओ असेल तर साइटचा वाटा गेल्यावर उरलेल्यातून स्टुडिओ आपला वाटा घेतो. कोलंबिया आणि रुमेनिया इथे हा स्टुडिओंचा व्यवसाय मोठा आहे. म्हणजे 'तुमची कमाई किती?' या प्रश्नाला एकाच माणसाची तीन खरी उत्तरं असू शकतात: प्रेक्षकांनी खर्च केले ते, साइटने दिले ते, हातात आले ते.

पैशांची वाट कार्ड कंपन्यांच्या दारातून जाते, हेही ध्यानात ठेवा. मास्टरकार्डने ऑक्टोबर २०२१ पासून प्रौढ मजकुराच्या साइट्ससाठी ओळख आणि वय तपासण्याचे नियम कडक केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओन्लीफॅन्सने लैंगिक मजकुरावर बंदी जाहीर केली आणि आठवडाभरात मागे घेतली. त्या आठवड्यात कित्येकांनी दुसरीकडे खाती उघडली. तुमची प्रश्नावली अशा एखाद्या बदलाच्या आगेमागे जात असेल, तर 'गेले चार आठवडे' नेहमीसारखे होते का, हेही विचारावं लागेल.

आणि काही गोष्टी प्रश्नावलीत बाहेरच्याच्या डोक्यात येतच नाहीत. खातं कुणाच्या नावावर आहे? पासवर्ड कुणाकडे आहे? स्टुडिओ सोडला तर खातं, त्यावरचे चाहते आणि शिल्लक रक्कम बरोबर नेता येते का? ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कोलंबियातल्या स्टुडिओंवर अहवाल काढला, त्यात अस्वच्छ कोंदट खोल्या, लांबलचक पाळ्या आणि पैशांतली लबाडी हे सगळं आहे. त्यातलं बरंचसं 'तुम्ही समाधानी आहात का?' असं विचारून कधीच बाहेर आलं नसतं.

मॉडेल्सना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, आणि त्याचे पैसे द्या

पाच-सहा जणांचा सल्लागार गट पुरतो, पण तो एकाच छापाचा नको. घरून काम करणारी एक, स्टुडिओतला एक, नुकतीच सुरुवात केलेली एक व्यक्ती, काम सोडून गेलेली एक, एखादा पुरुष मॉडेल, एखादी ट्रान्स व्यक्ती. सगळ्या मॉडेल्स तरुण स्त्रियाच असतात हा समज प्रश्नाच्या क्रियापदांतून गुपचूप डोकावतो. मराठीत तर लगेच दिसतो, म्हणून 'काम करता का' असं दोघांना लागू पडेल अशी वाक्यरचना शोधा.

या गटाला तासाच्या हिशोबाने मानधन द्या. त्यांचा वेळ हा अक्षरशः मीटरवर चालणारा वेळ आहे. आणि त्यांना एखादा प्रश्न पूर्णपणे काढून टाकण्याचा अधिकार द्या. नुसतं 'सुचवा' म्हटलं की लोक भिडेखातर मान डोलावतात. त्यांना काय विचारायचं? शब्द कुठले वापरता, कुठल्या प्रश्नाला तुम्ही खोटं उत्तर द्याल, आणि कुठला प्रश्न पाहून खिडकी बंद कराल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं.

स्वतःला काय म्हणवतात हेही त्यांच्याकडूनच घ्या. कुणी मॉडेल म्हणतं, कुणी परफॉर्मर, कुणी सेक्स वर्कर, आणि काहींना तो शेवटचा शब्द अजिबात चालत नाही. प्रश्नावलीत 'तुमचं कॅमचं काम' असं साधं ठेवलं तर कुणाची अडचण होत नाही.

कुणाला विचारणार?

पात्रता एका वाक्यात बांधा. उदाहरणार्थ: 'गेल्या १२ महिन्यांत किमान एकदा वेबकॅमवर थेट शो करून पैसे मिळवलेली, १८ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती.' १२ महिने धरले की हल्लीच सोडून गेलेलेही आत येतात, आणि ते यायलाच हवेत. जे टिकले त्यांनाच विचारलं तर काम फारच बरं दिसतं. वयाच्या प्रश्नाला १८ पेक्षा कमी असं उत्तर आलं तर फॉर्म तिथेच थांबला पाहिजे, आधीचं काहीही साठवता कामा नये, आणि मदतीचे संपर्क दिसले पाहिजेत. एखाद्या उत्तरातून अल्पवयीन व्यक्तीवर जबरदस्ती होत असल्याचं कळलं तर काय करायचं, कळवायचं कुणाला, कायदा काय म्हणतो, हे सर्वेक्षण सुरू होण्याआधी वकिलाला विचारून लिहून ठेवा.

आता नमुन्याचं दुखणं. वेबकॅम मॉडेल्सची कुठलीही यादी नसते. साइटवरची प्रोफाइलं मोजली तर खाती मोजली जातात, माणसं नव्हे: एका माणसाची चार खाती, एका खात्यावर दोन माणसं, कित्येक खाती महिनोन्‌महिने बंद. त्यामुळे यादृच्छिक नमुना घेण्याची वाट जवळपास बंदच आहे. समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत अशा लपलेल्या समूहांसाठी वापरतात: थोड्या जणांपासून सुरुवात, प्रत्येकाला मोजकी कुपनं, ती ओळखीच्या सहकाऱ्यांना द्यायची, आणि कोण किती जणांना ओळखतो यावरून उत्तरांना वजन द्यायचं. पण तिच्यात लोक एकमेकांना सहकारी म्हणून ओळखतात हे गृहीत आहे. घरातल्या खोलीत एकट्याने काम करणारी व्यक्ती कदाचित एकाही सहकाऱ्याला ओळखत नसेल. स्टुडिओंच्या शहरात ही पद्धत जमेल, विखुरलेल्या लोकांत ती अडखळते.

मग व्यवहारात काय करायचं? अनेक दारं उघडा आणि प्रत्येक दाराला वेगळा दुवा ठेवा. सहकाऱ्यांच्या बंद गटांतून आलेले किती, आरोग्य संस्थेमार्फत किती, स्टुडिओतल्या ओळखीतून किती, सोडून गेलेल्यांच्या गटातून किती, हे दुव्यावरून कळतं. माणूस कळत नाही. दर दोन-तीन दिवसांनी आकडे पाहा आणि जे दार रिकामं आहे तिथे मेहनत वाढवा. सवड असलेले, इंग्रजी येणारे, बरी कमाई असलेले आपोआप येतील. स्टुडिओतले येणार नाहीत, कारण दिवसभर हाताशी असलेला संगणक मालकाचा असतो.

एक पथ्य: चालू शोमध्ये घुसून चॅटवर प्रश्नावलीचा दुवा टाकू नका. ती त्या माणसाची कामाची जागा आहे, प्रेक्षक बघत असतात, आणि बहुतेक साइट्सना बाहेरचे दुवे चालत नाहीत, तेव्हा ताप मॉडेललाच.

प्रश्न कसे बांधायचे

तासांपासून सुरू करू. 'आठवड्याला किती तास काम करता?' या प्रश्नाला लोक कॅमेऱ्यासमोरचे तास सांगतात. मेकअप, खोली लावणं, दिवे, समाजमाध्यमांवर जाहिरात, चाहत्यांच्या निरोपांना उत्तरं, व्हिडिओ कापणं, चोरीला गेलेल्या चित्रफितींबद्दल तक्रारी, हे सगळं त्यातून निसटतं. शिवाय रूम उघडी आहे पण कुणीच टिप देत नाही, असे तासही कुणी काम म्हणून मोजतं, कुणी मोजत नाही. म्हणून तुकडे करा:

'मागच्या सोमवारपासून रविवारपर्यंतचा आठवडा आठवा. त्यात,
कॅमेरा चालू असताना किती तास गेले? त्यांपैकी एकही पैसा न मिळालेले साधारण किती?
कॅमेरा बंद असताना तयारी आणि आवराआवर यात किती?
निरोप, जाहिरात, व्हिडिओ, तक्रारी यांत किती?
हा आठवडा तुमच्यासाठी नेहमीसारखा होता, नेहमीपेक्षा कमी कामाचा, की जास्त?'

शेवटचा प्रश्न विसरू नका. आजारपण, पाळी, प्रवास, साइट बंद पडणं, अशा कशानेही एखादा आठवडा बिघडतो. सगळ्यांना ठरावीक मागचाच आठवडा विचारायचा, 'सरासरी आठवडा' नाही. सरासरी डोक्यात कुणी काढत नाही, अंदाज ठोकतात आणि तो बहुधा चांगल्या दिवसांवरून असतो.

पैशांचंही तसंच. 'महिन्याला किती कमावता?' हा प्रश्न उद्धटही वाटतो आणि निरुपयोगीही ठरतो. त्याऐवजी शेवटची पैसे मिळण्याची फेरी धरा. तिचा कालावधी किती दिवसांचा, साइटने दाखवलेली रक्कम किती, प्रत्यक्ष हातात आलेली किती, मधली कपात कुणी केली: साइटने, स्टुडिओने, पैसे पाठवणाऱ्या सेवेने, बँकेने. चार्जबॅक (प्रेक्षकाने कार्ड कंपनीकडून पैसे परत घेणं) झाला असेल तर तो कुणाच्या माथी मारला गेला. रक्कम पट्ट्यांत विचारा, पण पट्ट्या सल्लागार गटाला दाखवून ठरवा, नाहीतर निम्मे लोक सगळ्यात खालच्या पट्टीत जमा होतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. चलन उत्तर देणाऱ्याला निवडू द्या. सोबत एक प्रश्न चढउताराचा: गेल्या तीन महिन्यांतला सगळ्यात वाईट आठवडा नेहमीच्या आठवड्याच्या मानाने निम्मा होता, पाव होता, की शून्य? या कामाचं दुखणं कमाई कमी असण्यापेक्षा ती पुढच्या आठवड्यात किती असेल हे न कळण्यात जास्त आहे, असं मला वाटतं. तुमची उत्तरं ते खोडून काढतील, तर उत्तमच. पण विचारलंत तर.

हुकूम कुणाचा, हे कळायला 'तुम्ही स्वतंत्र आहात का?' असं विचारू नका. त्यावर अभिमानाने हो येतं. घडलेल्या गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात कामाच्या वेळा कुणी ठरवल्या? शो मध्येच थांबवलात तर दंड होतो का, शेवटचा कधी झाला, किती? नको असलेली मागणी नाकारली तेव्हा काय झालं: काहीच नाही, प्रेक्षक गेला, साइटवरचं स्थान घसरलं, स्टुडिओने सुनावलं, पैसे कापले? साइटने खातं तात्पुरतं बंद केलं होतं का, कारण दिलं का, शिल्लक रक्कम मिळाली का?

सुरक्षिततेच्या प्रश्नांत प्रकार सुटे करा. 'छळ झाला का?' याचा प्रत्येकाचा अर्थ निराळा. परवानगीशिवाय शो रेकॉर्ड करून दुसरीकडे टाकणं हे इतकं सर्रास चालतं की कित्येकांना ते छळाच्या यादीत घालावंसंही वाटत नाही. म्हणून एकेक विचारा: रेकॉर्डिंग चोरलं गेलं; खरं नाव किंवा पत्ता उघड केला; घरच्यांना किंवा दुसऱ्या नोकरीतल्या वरिष्ठांना कळवण्याची धमकी दिली; पैशांसाठी ब्लॅकमेल केलं; प्रत्यक्ष माग काढला. प्रत्येकाला 'गेल्या १२ महिन्यांत' अशी मुदत. आणि 'हो' आलं तरच पुढचा प्रश्न: कुणाची मदत मागितली, आणि मिळाली का? प्रसंगाचं वर्णन मागू नका. तुम्हाला ते लागत नाही, आणि लिहिणाऱ्याला ते पुन्हा एकदा भोगावं लागतं. जिओ-ब्लॉकिंग (ठरावीक भागातल्या लोकांना आपला शो दिसू न देणं) वापरता का हा प्रश्न जरूर ठेवा, मात्र 'कुठला देश किंवा भाग ब्लॉक करता?' हा नको. लोक बहुतेक आपलंच गाव ब्लॉक करतात, म्हणजे तुम्ही नकळत त्यांचा पत्ता विचारला.

आरोग्यात पाठ, डोळे, झोप, आवाज, लघवीचे त्रास हे आधी विचारा. या कामाच्या शारीरिक बाजूकडे कुणी फिरकतच नाही. मानसिक आरोग्यासाठी तयार मोजपट्टी वापरणार असाल तर एक खबरदारी. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पट्टीचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्ममध्ये तो विचारला आणि कुणी 'जवळजवळ रोज' लिहिलं, तर तुम्ही त्या व्यक्तीपर्यंत पोचू शकणार नाही. एक तर तो प्रश्न वगळलेली आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ वापरा, नाहीतर त्या पानावरच मदतीचे संपर्क दिसतील अशी सोय करा. माझी पसंती पहिल्याला.

विधानं देऊन 'सहमत-असहमत' विचारण्याची सवय मोडा. लोक सहमत होण्याकडे झुकतात, आणि मोबाइलवर दहा ओळींचा तक्ता दिसला की अंगठा सरळ रेषेत खाली जातो. 'स्टुडिओचं वागणं न्याय्य आहे' याऐवजी 'गेल्या महिन्यात स्टुडिओने हिशोब दाखवला का?' असं विचारा.

आणि मनात येणारे पण टाळायचे प्रश्न: बालपण, नातेसंबंध, शोमध्ये नेमकं काय करता, किती दिवस करणार. यांतला एखादा तुमच्या रिकाम्या तक्त्यात खरोखर बसत असेल तरच ठेवा, तोही शेवटी. 'कसे आलात' हे विचारायचंच असेल तर 'आधीच्या कामात तासाला किती मिळत होतं?' असं विचारून बघा. उत्तर तेवढंच मिळतं आणि माणूस दुखावत नाही.

एकंदर वेळ मोबाइलवर १२ मिनिटांच्या आत बसवा. प्रत्येक प्रश्नाला 'सांगायचं नाही' हा पर्याय, आणि तो 'लागू नाही' पासून वेगळा. शेवटी एक मोकळी चौकट: 'आम्ही काय विचारायला हवं होतं?'

ओळख लपवणं हे शेवटी करायचं काम नव्हे

जी माहिती घेतलीच नाही ती फुटत नाही. स्टेजचं नाव नको, प्रोफाइलचा दुवा नको, जन्मतारीख नको, शहर नको. वय पट्ट्यांत, जागा देश किंवा त्याहून मोठ्या प्रदेशात. खासगीपणाच्या अभ्यासक लताना स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं होतं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून वेगळं ओळखता येऊ शकतं. इथे तर समूह लहान आणि बघ्यांना उत्साह दांडगा. पन्नाशीतला पुरुष, जोडीने काम करणारा, अमुक साइटवर, अमुक देशात: इतकं कळलं तरी नियमित प्रेक्षक नाव सांगेल.

साधनाच्या सेटिंग्ज स्वतः तपासा. गूगल फॉर्म्समध्ये 'एकदाच उत्तर' हे चालू केलं की खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि लॉगिनचा फलक दिसताच शहाणा माणूस निघून जातो. लाइमसर्व्हे या सर्वेक्षणाच्या साधनात निनावी उत्तरांची सोय आहे, पण सर्वेक्षण सुरू झाल्यावर ती बदलता येत नाही. आयपी पत्ता साठवायचा की नाही हा वेगळा पर्याय, तोही बंद करा. फॉर्मचं शीर्षक तटस्थ ठेवा, 'ऑनलाइन काम: प्रश्नावली' असं काहीतरी, कारण ते ब्राउझरच्या इतिहासात उमटतं. पहिल्याच पानावर सांगा: हे स्टुडिओच्या किंवा घरातल्या सामायिक संगणकावर भरू नका.

मोबदला द्यायचा असेल, आणि द्यावाच, तर त्यासाठी संपूर्ण वेगळा फॉर्म ठेवा, उत्तरांशी धागा नसलेला. पैसे पाठवण्याच्या ज्या सेवेत खरं नाव दिसतं ती टाळा. भेटकार्डाचा कोड बरा. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा लैंगिक जीवनाविषयीच्या माहितीला विशेष संवेदनशील मानतो, तेव्हा तिथल्या लोकांना विचारणार असाल तर स्पष्ट संमती आणि माहिती कधी पुसणार याची तारीख आधी ठरवा. संमतीच्या मजकुरात साध्या भाषेत लिहा: निनावी फॉर्म पाठवल्यावर तुमची उत्तरं आम्हाला शोधून काढता येणार नाहीत, म्हणून नंतर मागे घेता येणार नाहीत.

चाचणी

पाच ते आठ मॉडेल्सना, मानधन देऊन, प्रश्नावली मोठ्याने वाचत भरायला सांगा. तुम्ही गप्प बसून ऐका. 'म्हणजे प्रायव्हेटचे पण धरायचे का?' असा प्रश्न आला की तुमच्या वाक्यात भोक आहे. उत्तर निवडल्यावर विचारा, 'हे का निवडलंत?' आणि मग 'या प्रश्नाचा अर्थ तुम्ही काय घेतला?' दोघांनी दोन अर्थ घेतले तर प्रश्न पुन्हा लिहा. अनुवाद करणार असाल तर प्रत्येक भाषेत ही चाचणी नव्याने करा. नंतर पहिली तीस-चाळीस उत्तरं येईपर्यंत एकच दार उघडा ठेवा, कुठल्या पानावर लोक सोडून जातात ते पाहा, दुरुस्त करा, मग बाकीची दारं उघडा.

बनावट उत्तरं

मोबदला जाहीर झाला आणि दुवा मोकळ्या मैदानात गेला की बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) येणारच. ओळखपत्र मागणं हा यावरचा इलाज नाही. त्याने खरे लोक पळतात. कामातला माणूसच सहज सांगेल असे एकदोन प्रश्न पेरा, उदाहरणार्थ शेवटची फेरी किती दिवसांची होती आणि पैसे काढायला किमान रक्कम किती लागते. तासांच्या तुकड्यांची बेरीज आठवड्यातल्या १६८ तासांपुढे गेली, मोकळ्या चौकटीत तेच वाक्य वीस जणांनी लिहिलं, पहाटे दहा मिनिटांत साठ फॉर्म आले, अशा खुणा एकत्र पाहा. एकाच खुणेवरून कुणाला बाद करू नका. बाद करण्याचे नियम उत्तरं उघडण्यापूर्वी लिहून ठेवा, नाहीतर नकोशी उत्तरं 'संशयास्पद' वाटायला लागतात. मोबदल्याची जाहिरात बंद गटांतच करा.

आकडे वाचताना आणि परत देताना

कमाईची सरासरी छापू नका. मोजक्या बड्या कमाईवाल्यांमुळे ती फुगते आणि बातमीत तोच आकडा मथळा होतो. मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा) द्या, सोबत खालच्या आणि वरच्या चतुर्थांशाची सीमा. तासाचा दर काढताना पैसे न मिळालेले तासही भाजकात घ्या. मग तोच माणूस किती वेगळा दिसतो ते पाहा. 'मॉडेल्सपैकी ४० टक्के' असं लिहायचा तुम्हाला अधिकार नाही. 'उत्तर देणाऱ्यांपैकी' एवढंच. कुठल्या दारातून किती आले तो तक्ता अहवालात छापा. दहापेक्षा कमी माणसं असलेली कोणतीही चौकट दाखवू नका, शेजारच्या गटात मिसळा. मोकळ्या चौकटीतली वाक्यं उद्धृत करताना रक्कम, देश आणि बोलण्याची लकब काढून टाका.

अहवाल बाहेर जाण्यापूर्वी दोन आठवडे सल्लागार गटाला आणि ज्या गटांतून लोक आले त्यांना पाठवा. एका पानाचा सारांश, त्यांच्या भाषेत, डाउनलोड न करता मोबाइलवर वाचता येईल असा. कुठला आकडा स्टुडिओविरुद्ध किंवा त्यांच्याचविरुद्ध वापरला जाईल हे ते तुमच्याआधी सांगतील. स्टुडिओचं नाव कुणी लिहिलं असेल तर कायदेशीर सल्ला घेतल्याशिवाय छापू नका; एका शहरात दोनच स्टुडिओ असतील तर शहराचं नाव म्हणजेच स्टुडिओचं नाव.

पुढच्या वर्षी पुन्हा करण्याचा विचार असेल तर तास आणि पैशांचे प्रश्न शब्द न बदलता जसेच्या तसे ठेवा, बाकीचे खुशाल बदला. मूळ फाइल ठरलेल्या तारखेला पुसा, आणि पुसल्याचं त्याच गटांमध्ये एका ओळीत कळवा.